भवितव्यतेची गोळी आणि भिकाऱ्याचे भांडे

मृत्यूनंतर जीवाचे काय होते, हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. व्याख्यानात तो निघाला की सभा स्तब्ध होते; घरात निघाला की कोणीतरी हलकेच विषय बदलतो. अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या सिद्धर्षी गणींनी मात्र याच प्रश्नावर एक विशाल कादंबरी रचली आणि तीत वाचकाला जागोजागी हसविले. ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ हे तिचे नाव. भवाचा सारा पसारा उपमांच्या द्वारे सांगणारी कथा, असा त्या नावाचा आशय. तिचा नायक एकच आहे. तो असंख्य वेळा मरतो, असंख्य वेळा जन्मतो आणि प्रत्येक जन्मी जुनीच चूक नव्या उत्साहाने करतो.

हा ग्रंथ विक्रम संवत ९६२, म्हणजे इ. स. ९०६ मध्ये, ज्येष्ठ शुद्ध पंचमीस पूर्ण झाला. स्थळ भिल्लमाल, आजच्या राजस्थानातील भीनमाळ. ग्रंथाच्या प्रशस्तीत सिद्धर्षींनी आवर्जून नोंदविले आहे, की दुर्गस्वामींच्या शिष्या गणा नावाच्या साध्वींनी याची पहिली प्रत लिहून काढली. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी हीच तिथी श्रुतपंचमी म्हणून पाळली जाते, हा योगायोगही मनाला सुखावणारा आहे. आठ प्रस्तावांचा हा ग्रंथ संस्कृतात, गद्य आणि पद्य यांच्या मिश्रणात आहे. प्राकृत भाषा बालकांनाही कळते हे सिद्धर्षी जाणून होते; पण विद्वत्तेचा अभिमान बाळगणाऱ्यांना ती रुचत नाही, म्हणून आपण संस्कृत स्वीकारले, असे ते सांगतात. ग्रंथारंभीच पंडितांना काढलेला हा चिमटा पुढच्या कथेची चुणूक दाखवितो.

उघडे राहिलेले दार

सिद्धर्षींच्या पूर्वायुष्याची कथा ‘प्रभावकचरित’ या प्रभाचंद्रसूरींच्या ग्रंथात येते. तो ग्रंथ संवत १३३४ चा, म्हणजे सिद्धर्षींनंतर साडेतीन शतकांहून अधिक काळाने रचलेला. त्यामुळे त्यातील हकिकत परंपरागत आख्यायिका म्हणूनच वाचावी. परंतु ती मोठी अर्थपूर्ण आहे.

श्रीमाळ नगरातील एका संपन्न घरचा सिद्ध हा मुलगा द्यूताच्या नादी लागला. रात्री-अपरात्री घरी येई, आणि पत्नी दार उघडण्यासाठी जागत बसे. सुनेचा ओढलेला चेहरा पाहून सासूने एके दिवशी कारण विचारले. त्या रात्री तिने सुनेला झोपावयास पाठविले व ती स्वतः दारापाशी बसली. मुलाने हाक दिली तेव्हा आईने आतूनच सुनावले, की या वेळी ज्याचे दार उघडे असेल तेथे जा. मुलगा निघाला. साऱ्या नगरीत एकच दार उघडे होते, ते उपाश्रयाचे. आत साधू जागे होते. कोणी स्वाध्यायात, कोणी ध्यानात. जागरण त्यानेही केले होते आणि जागरण हेही करीत होते. दोहोंमधला फरक त्याला उंबऱ्यावरच कळला. सकाळी वडील शोधीत आले, पण मुलगा घरी परतला नाही.

आख्यायिका येथे संपत नाही. दीक्षेनंतर बौद्ध तर्कशास्त्र शिकण्यासाठी सिद्ध दूर गेले आणि तेथील मतात रमले. दिलेल्या वचनानुसार निरोप घेण्यासाठी ते गुरूंकडे परत आले. गुरू रागावले नाहीत. त्यांनी हरिभद्रसूरींची ‘ललितविस्तरा’ ही वृत्ती हाती ठेवली आणि ते मंदिरात गेले. परत येईपर्यंत शिष्याचे मन पालटले होते. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, शंभराहून अधिक वर्षे आधी होऊन गेलेल्या हरिभद्रसूरींनी ती वृत्ती जणू आपल्यासाठीच लिहिली, अशी कृतज्ञता सिद्धर्षींनी स्वतःच व्यक्त केली आहे. दुसऱ्या संधीविषयी लिहिण्याचा अधिकार या ग्रंथकाराला पोथीतून मिळालेला नव्हता, असेच परंपरा सुचविते.

नाटकवेडा राजा

कादंबरीचा पडदा उघडतो तो मनुजगती नगरीत. तेथे कर्मपरिणाम नावाचा राजा राज्य करतो. कालपरिणती ही त्याची राणी. राजाला नाटकाचे विलक्षण वेड. तो सगळ्या जीवांना रंगभूमीवर उभे करतो. कोणाला नारकीचा वेष देतो, कोणाला मुंगीचा, कोणाला हत्तीचा, कोणाला देवाचा. नटाला भूमिका आवडली की नाही हे विचारण्याची पद्धत नाही, आणि प्रयोग मध्येच सोडून जाण्याची परवानगी नाही. नट रडतात, विव्हळतात. राजाराणी मात्र प्रयोगावर खूश असतात. कर्मसिद्धांताची अवघड चर्चा ज्याला जड जाते, त्यालाही या एका चित्राने पुष्कळ काही समजून जाते.

नायकाचे नाव संसारी जीव. त्याची कथा सुरू होते असंव्यवहार नगरात, म्हणजे निगोदात. तेथे अनंत जीव दाटीवाटीने, गाढ झोपेत असावेत तसे पडून आहेत. एके दिवशी राजाचा दूत येऊन ठेपतो. जितके जीव मोक्षाला गेले तितके जीव येथून बाहेर पाठवायचे, हा लोकस्थितीचा नियम. त्यानुसार त्याला माणसे हवी आहेत. नगराच्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न पडतो, की या अफाट गर्दीतून निवडायचे कोणाला? अखेर संसारी जीवाची पाळी लागते.

प्रसंग सरकारी कचेरीतला वाटावा असा रंगविला आहे. पण वाचक क्षणभर थांबतो तो त्यातील अर्थापाशी. कोणी एक जीव मुक्त झाला म्हणून दुसऱ्या एका जीवाला निगोदातून निघण्याची वाट मिळाली. आपल्या वाट्याला आलेली पहिलीच संधी ही कोणा अनाम सिद्धाच्या पुरुषार्थाने मोकळी झालेली जागा आहे. माणसाने आपल्या कर्तृत्वाचा फार तोरा मिरवू नये, यासाठी एवढी एक गोष्ट पुरेशी व्हावी.

गोळी देणारी गृहिणी

संसारी जीवाला पत्नी आहे. तिचे नाव भवितव्यता. सिद्धर्षींच्या विनोदबुद्धीने या पात्रात कळस गाठला आहे. घरातले सगळे निर्णय तिचे. पतिराजांचे काम मान डोलावण्याचे. तिच्यापाशी गोळ्यांचा साठा आहे. एक गोळी म्हणजे एक भव. गोळीचा प्रभाव संपत आला की ती दुसरी गोळी पुढे करते, आणि हे महाशय मुकाट्याने ती घेऊन पृथ्वीकाय होतात, वनस्पती होतात, किडा होतात, मासा होतात. कुठे जायचे, किती काळ राहायचे, याची चौकशी नाही. मृत्यू म्हणजे गोळीचा अंमल उतरणे. जन्म म्हणजे नवी गोळी चढणे. ज्या घटनेला आपण आयुष्यभर भितो, ती येथे घरगुती औषधोपचारासारखी उरकली जाते.

मात्र भवितव्यता लहरी नाही, हे हळूहळू ध्यानात येते. तिची गोळी पतीच्या कृतीनुसार ठरते. एका भवात संसारी जीव हत्ती होतो. वनात वणवा पेटतो. पळता पळता तो विहिरीत कोसळतो. कळपाला सोडून एकटा पळालो, त्याचे हे फळ, असे मानून तो कोणालाही दोष न देता वेदना सोसतो. तेवढ्या एका समभावाने भवितव्यता प्रसन्न होते. ती त्याला मनुष्यभवाची गोळी देते आणि सोबतीला एक मित्र देते. त्या मित्राचे नाव पुण्योदय.

एवढा मोठा पालट घडायला किती लहानशी गोष्ट पुरली! दान नाही, तीर्थयात्रा नाही, शास्त्राभ्यास नाही. विहिरीत पडलेल्या एका पशूने दुसऱ्याला बोल लावला नाही, इतकेच.

श्रेय कोणाचे?

हत्तीचा राजपुत्र होतो, नाव नंदिवर्धन. पुण्योदय जन्मापासून त्याच्याबरोबर आहे, पण तो दिसत नाही आणि बोलत नाही. त्याच घरात वैश्वानर नावाचा आणखी एक बालमित्र वाढतो. वैश्वानर म्हणजे क्रोध. तो देखणा नाही, पण बोलघेवडा आहे. क्रूरचित्त नावाच्या गोळ्या त्याच्याकडे नेहमी तयार असतात. नंदिवर्धन त्या खातो आणि गुरुकुलातील मुले त्याला पाहून थरथर कापतात. आचार्यही त्याला काही बोलण्याचे टाळतात. नंदिवर्धनाला वाटते, हा सगळा वैश्वानराचा प्रताप. याच्यामुळेच जगात आपला मान आहे.

पुढे सारा प्रस्ताव या एका गैरसमजावर उभा आहे. युद्धात विजय मिळतो, सुंदर राजकन्या वरते, कीर्ती पसरते. हे सारे पुण्योदय पडद्याआडून घडवीत असतो आणि नायक आभार मानतो ते क्रोधाचे. वाचक हसतो, कारण खरा उपकारकर्ता कोण हे त्याला दिसते आहे. पण हसता हसता तो कधीतरी अडखळतो. ‘मी आवाज चढविला म्हणून काम झाले’, ‘घरात धाक आहे म्हणून सारे सुरळीत आहे’ ही वाक्ये अकराशे वर्षांत जुनी झालेली नाहीत. काम कदाचित सहकाऱ्यांच्या सौजन्याने झालेले असते. घर कदाचित कोणाच्या तरी मूक सोशिकपणावर चाललेले असते. श्रेय मात्र आवाजाला मिळते.

मुलाच्या स्वभावाने कष्टी झालेला राजा जिनमतज्ञ नावाच्या निमित्तज्ञाला उपाय विचारतो. उत्तर मिळते, की चित्तसौंदर्य नगराच्या शुभपरिणाम राजाची कन्या क्षांती, म्हणजे क्षमा, हिच्याशी विवाह झाला तर वैश्वानर आपोआप दूर होईल. राजा लगेच प्रधानाला मागणी घालण्यासाठी निघण्याची आज्ञा देतो! निमित्तज्ञाला त्याला थांबवून सांगावे लागते, की ते नगर बाहेरच्या भूमीवर वसलेले नाही. तेथे प्रधान पोहोचणार नाही. लेकराचा राग घालविण्यासाठी वाटेल तो खर्च करण्यास सिद्ध असलेल्या पित्याची ही तारांबळ हृद्य आहे. क्षमा बाहेरून आणून मुलाच्या गळ्यात बांधता येत नाही. त्याच्या अंतरंगात ते नगर वसावे लागते.

नंदिवर्धनाची क्षांतीशी गाठ पडत नाही. क्रोध वाढत जातो, हिंसा त्याची सहचरी होते, आणि अखेरीस तो स्वतःच्या आप्तांचाच घात करून बसतो. पुण्योदय निघून जातो. येथे सिद्धर्षींचा विनोद पूर्ण थांबतो. जे हसण्यासारखे होते, त्याचा शेवट हसण्यासारखा नाही, हे ते लपवीत नाहीत.

सागराचा हिशेब

त्यानंतरचे जन्म असेच एकेका कषायाच्या संगतीत जातात. रिपुदारण हा अभिमानाचा मित्र. त्या मित्राचे नाव शैलराज; तो छातीला लावण्यासाठी स्तब्धचित्त नावाचा लेप देतो. हा लेप लावला की मान वाकत नाही. असत्याचीही जोड असल्यामुळे रिपुदारण एकही कला न शिकता सर्व कलांत पारंगत असल्याचे वडिलांना सांगून टाकतो, आणि विदुषी राजकन्या नरसुंदरी भर सभेत परीक्षा घेते तेव्हा त्याची वाचाच बसते. पुढे चक्रवर्ती तपनासमोर तो मस्तक लववीत नाही. तेव्हा त्याला सर्वांदेखत नाचावे लागते आणि सेवकांच्याही पायांवर पडावे लागते. न वाकणाऱ्या मानेची ही गत वाचून कोणाला हसू येणार नाही?

व्यापारी परंपरेच्या वाचकांना सर्वांत जवळचा वाटेल तो धनशेखर. त्याचा सखा सागर, म्हणजे लोभ. वडिलांचे धन घरी असतानाही स्वतः मिळवायचे म्हणून धनशेखर परदेशी निघतो. त्यात गैर काही नाही. हजार मिळतात, सागर म्हणतो, दहा हजार झाले की स्वस्थ होऊ. दहा हजार होतात. लक्ष झाले की मग. लक्षाची कोटी होते, आणि कोटीनंतर रत्नांची कोटी डोळ्यांसमोर येते. सागराच्या वहीत जमेची बाजू कधी भरतच नाही. शेवटी मित्र हरिकुमार याच्या संपत्तीचा व पत्नीचा लोभ धरून धनशेखर त्याला जहाजावरून समुद्रात ढकलतो. समुद्रदेवता मित्राला वाचविते आणि धनशेखरालाच पाण्यात फेकते. लोभाला ‘सागर’ हे नाव का दिले, याचे उत्तर त्याला बुडताना मिळते. परिग्रहपरिमाण व्रतावरील कित्येक प्रवचने हा एक प्रसंग सांगून जातो.

उशिरा समजणारी श्रोती

ही सारी आत्मकथा संसारी जीव सांगतो ती वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या चोराच्या वेषात. त्याला आश्रय मिळाला आहे सदागमाचा. ऐकणाऱ्यांत प्रज्ञाविशाला आहे, तिला संकेतमात्राने सारे कळते. भव्यपुरुष नावाचा राजकुमार आहे, तोही पटकन उमजतो. आणि अगृहीतसंकेता आहे. हिचे नावच ‘जिला खूण पटत नाही ती’. ती मध्येच थांबवून साधेसुधे प्रश्न विचारते. वाचकाच्या मनातील शंका तिच्या मुखाने बाहेर पडतात, म्हणून तिचा भोळेपणा कथेला फार उपयोगी ठरतो.

अंतिम प्रस्तावात रहस्य उलगडते. तो चोर वस्तुतः अनुसुंदर चक्रवर्ती. कर्माचे चोरलेले धन बाळगणारा आणि नरकरूपी वधस्थानाकडे निघालेला म्हणून चोर. सदागम म्हणजे आचार्य समंतभद्र, प्रज्ञाविशाला म्हणजे साध्वी महाभद्रा, आणि अगृहीतसंकेता म्हणजे राजकन्या सुललिता. चक्रवर्ती विरक्त होतो, राजकुमार प्रतिबुद्ध होतो. एकटी सुललिता तशीच राहते. इतके ऐकूनही आपल्याला काहीच कसे कळले नाही, या विचाराने ती व्याकूळ होते, रडते, गुरूंना शरण जाते. त्या तळमळीतूनच तिला जातिस्मरण होते. तीव्र बुद्धीच्या श्रोत्यांना जे विचाराने मिळाले, ते तिला अश्रूंनी मिळाले. मंदबुद्धीच्या पात्राला हास्याचा विषय करून सोडून देणे ग्रंथकाराला सोपे होते. त्यांनी तसे केले नाही.

काष्ठपात्रातील औषध

एवढ्या विशाल रचनेला अलीकडच्या काळात पुन्हा प्रकाशात आणण्यात मुंबईचाही वाटा आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या पीटर पीटरसन यांनी तिच्या संपादनास प्रारंभ केला. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी ते काम पूर्ण केले, आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेतून १९१४ पर्यंत हा ग्रंथ संपूर्ण छापला गेला. पुढे मोतीचंद गिरधरलाल कापडिया यांनी तो गुजराती वाचकांपर्यंत नेला. जॉन बनियन यांची ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ ही रूपककथा जगभर गाजली; ती १६७८ सालची. सिद्धर्षींची कथा तिच्याहून ७७२ वर्षांनी जुनी आहे.

पण ग्रंथाच्या थोरवीपेक्षा त्याच्या प्रस्तावनेतील एक गोष्ट अधिक काळ मनात राहते. निष्पुण्यक नावाचा रोगी, उपाशी भिकारी फिरत फिरत सुस्थित राजाच्या प्रासादात शिरतो. राजाची दृष्टी त्याच्यावर पडते. पाकशाळेचा अधिकारी धर्मबोधकर त्याला जवळ बोलावतो. अधिकाऱ्याची कन्या तद्दया, म्हणजे त्याची दया, उत्तम अन्न घेऊन येते. भिकारी घाबरतो! त्याला वाटते, ही माणसे गोड बोलून आपले भांडे हिसकावणार. त्या भांड्यात नासलेले, रोग वाढविणारे अन्न आहे. पण ते त्याचे स्वतःचे आहे. डोळ्यांत निर्मळ अंजन घातले जाते, तत्त्वरुचीचे पाणी पाजले जाते, चारित्राचे परमान्न पुढे येते. भिकारी थोडे घेतो, बरे वाटते. तरी भांडे काखेतून सोडीत नाही. चांगले अन्नही खातो आणि नासलेलेही खातो, आणि रोग पुरता जात नाही म्हणून कुरकुरतो.

सकाळी सामायिक आणि दुपारी कटू बोल. पर्युषणात क्षमापना आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तोच अबोला. हे सारे त्या भांड्याचेच प्रकार होत. सिद्धर्षी भिकाऱ्याला धिक्कारीत नाहीत, कारण हा भिकारी म्हणजे मीच, असे ते स्वच्छ सांगतात. धर्मबोधकरही भांडे ओढून घेत नाही. सद्बुद्धी नावाची परिचारिका सोबत देऊन तो वाट पाहतो. ज्या दिवशी भिकारी आपल्या हाताने भांडे रिकामे करतो, त्या दिवशी निष्पुण्यकाचा सपुण्यक होतो.

मग त्याला वाटते, हे औषध इतरांनाही द्यावे. पण कालच्या भिकाऱ्याच्या हातून कोण घेणार? लोक पाठ फिरवितात. तेव्हा सद्बुद्धी त्याला युक्ती सांगते: औषधे एका लाकडी पात्रात भरून राजप्रासादाच्या अंगणात ठेव, ज्याला गरज असेल तो स्वतः येऊन घेईल. देणाऱ्याकडे पाहण्याचे कोणाला कारण पडणार नाही. सिद्धर्षींनी ठेवलेले ते काष्ठपात्र म्हणजे हा ग्रंथ.

भवितव्यतेच्या पेटीत गोळ्यांची वाण नाही. या भवात चुकले तरी पुढची गोळी आहेच, असे मानून कोणी निश्चिंत राहू शकेल. संसारी जीवही तसाच राहिला. फक्त, पुण्योदयाला ओळखण्याइतकी जाण ज्यात असते असा मनुष्यभव त्याला फार क्वचित मिळाला, आणि मिळाला तेव्हा तो वैश्वानराशी गप्पा मारीत बसला. वाचकाच्या हाती या क्षणी तीच दुर्मिळ गोळी आहे. तिचा अंमल उतरण्यापूर्वी घरातल्या कोणा एकाची क्षमा मागून टाकणे एवढे तरी प्रधानावर सोपविण्याजोगे काम खचितच नाही.